अभियांत्रिकी भौतिकशास्त्र : अध्ययनाच्या वाटा व व्यवसायसंधी (शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात)

भौतिकशास्त्राची पदवी म्हणजे पुढे बी. एड. आणि शिक्षकी पेशा, हा समज ग्रामीण भागात अद्याप टिकून आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्याचा पुनर्विचार होणे अगत्याचे आहे. अभियांत्रिकी भौतिकशास्त्रात क्वांटम यांत्रिकी, घनावस्था भौतिकी यांसारखे मूलभूत विषय आणि इलेक्ट्रॉनिक्स, मापन व उपकरणरचना यांचे एकत्रित अध्ययन अभिप्रेत असते.

या विद्याशाखेचे स्वरूप समजण्यासाठी शिरूरच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहावी. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे पृष्ठभाग अखंड पत्र्याचे नसून तारेच्या जाळीचे आहेत. हायड्रोजनच्या रेडिओलहरींची तरंगलांबी सुमारे 21 सेंटिमीटर, तर जाळीची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची. त्यामुळे लहरी परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो. परिणामी सांगाडा हलका व स्वस्त झाला. येथे भौतिकशास्त्र कोठे संपले व अभियांत्रिकी कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण! या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी अलाहाबाद विद्यापीठातून 1950 मध्ये भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केले आणि 1961 मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट मिळविली ती विद्युत अभियांत्रिकीत.

मुंबई आयआयटीत या विषयाची बी. टेक. पदवी आहे, प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डद्वारे होतो. परंतु ती परीक्षा हुकलेल्या विद्यार्थ्यास वाट बंद होत नाही, हे त्यास सांगणारे बहुधा कोणी नसते. बी. एस्सी.नंतर 'जॅम' देऊन आयआयटीत एम. एस्सी. करता येते आणि पुढे 'गेट'च्या भौतिकशास्त्र विषयाच्या गुणांवर काही एम. टेक. शाखाही खुल्या होतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय अभियंत्यांप्रमाणेच भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी. पदवीधरांनाही घेते.

रांजणगावच्या कारखान्यांत संवेदक व स्वयंचलित नियंत्रण, कुरकुंभच्या रसायन उद्योगांत दाब, तापमान व प्रवाह यांचे मापन, ही कामे याच ज्ञानावर आधारलेली आहेत. अर्थात तेथील नेमणुकांत अभियांत्रिकी पदविकेलाच झुकते माप मिळते; म्हणून उपकरणे हाताळण्याचा सराव पदवीकाळातच व्हावयास हवा.

खरा प्रश्न प्रथम वर्षाच्या विषयनिवडीचा आहे. 'जॅम'च्या भौतिकशास्त्र प्रश्नपत्रिकेत गणिती पद्धती व इलेक्ट्रॉनिक्स यांना स्वतंत्र स्थान आहे. गुणांच्या भीतीने गणित सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हे प्रवेश-अर्ज भरतानाच, विभागातील प्राध्यापकांनी समजावून सांगावे. तिसऱ्या वर्षी सांगून फारसा उपयोग होत नाही.