घरगुती इंटरनेट रेडिओ

घरगुती इंटरनेट रेडिओ म्हणजे आंतरजालावरून येणारे ध्वनिप्रक्षेपण ऐकण्यासाठी हौशी व्यक्तीने सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांपासून स्वतः जुळवलेला रेडिओसंच होय. नेहमीचा रेडिओ हवेतील विद्युतचुंबकीय लहरी थेट ग्रहण करतो. इंटरनेट रेडिओ मात्र वायफायच्या साहाय्याने दूरच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि तेथून अखंड येणाऱ्या अंकीय माहितीचे ध्वनीत रूपांतर करतो. त्यामुळे प्रक्षेपण केंद्र किती दूर आहे याला महत्त्व उरत नाही. परंतु आंतरजाल जोडणी, सर्व्हर आणि त्याचा पत्ता या तीन गोष्टींवर संच सर्वस्वी अवलंबून राहतो.

पार्श्वभूमी

कार्ल मालामुद यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला 'इंटरनेट टॉक रेडिओ' हा आंतरजालावरील ध्वनिकार्यक्रमांचा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डब्ल्यूएक्सवायसी या विद्यापीठीय केंद्राने आपले नियमित प्रक्षेपण आंतरजालावर उपलब्ध करून दिले. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आणि त्यानंतर काही वर्षांत एमपी३ स्वरूपावर आधारित शाउटकास्ट व आइसकास्ट या प्रणाली आल्या. तेव्हापासून लहान केंद्रांनाही जगभर पोहोचणे शक्य झाले.

त्या काळी हे प्रक्षेपण ऐकण्यासाठी संगणक आवश्यक होता. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि एस्प्रेसिफ कंपनीचे ईएसपी८२६६ (२०१४) व ईएसपी३२ (२०१६) हे वायफाययुक्त सूक्ष्मनियंत्रक यांमुळे तळहातावर मावेल असा संच घरी बनवणे सोपे झाले. स्फटिक संच व ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवण्याच्या जुन्या छंदाचाच हा पुढचा टप्पा आहे.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळात हैदराबादचे 'डेक्कन रेडिओ' हे त्या राज्याचे नभोवाणी केंद्र होते. १ एप्रिल १९५० रोजी ते आकाशवाणीकडे आले. पुढे मराठवाड्यात मध्यमलहरींवरील परभणी (१३०५ किलोहर्ट्झ) व छत्रपती संभाजीनगर (१५२१ किलोहर्ट्झ) ही केंद्रे ऐकली जाऊ लागली. बीड येथील आकाशवाणी केंद्र एफएम पद्धतीने १०२.९ मेगाहर्ट्झवर प्रसारण करते.

एफएम लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. प्रक्षेपकाची उंची, अंतर आणि वाटेतील डोंगर यांवर त्यांची पोच ठरते. बीड जिल्ह्यातून बालाघाटाची डोंगररांग जाते. तिच्या उत्तरेस गोदावरीकाठचा सखल गंगथडीचा प्रदेश आहे, तर दक्षिणेस पठार. अशा भूप्रदेशात डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावी एफएम संदेश क्षीण होतो.

जिल्ह्यातील स्थलांतराशीही या विषयाचा निकटचा संबंध आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी गळीत हंगामात येथील अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगामाचे महिने कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर काढतात. तेथे जिल्ह्याच्या केंद्राचा एफएम संदेश पोहोचत नाही. आपल्या भागातील बोली, बातम्या व हवामान कानावर पडण्याचा मार्ग उरतो तो आंतरजालाचा. प्रसार भारतीच्या 'न्यूजऑनएअर' या उपयोजनावर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या मोबाइलवर ऐकता येतात. हेच काम मोबाइल अडकवून न ठेवता, सर्वांना एकत्र ऐकू येईल अशा स्वतंत्र संचाकडून करवून घेणे हा घरगुती इंटरनेट रेडिओचा एक व्यावहारिक उपयोग आहे.

कार्यपद्धती

संचाचे काम चार टप्प्यांत चालते.

१. *जोडणी* : सूक्ष्मनियंत्रक वायफायशी जोडला जातो आणि स्मृतीत साठवलेल्या पत्त्यावरील सर्व्हरकडे प्रवाहाची मागणी करतो.

२. *साठवण* : आलेली माहिती प्रथम बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमा होते. विहिरीचे पाणी आधी हौदात घ्यावे आणि हौदातून पाटाला सोडावे, तसा हा प्रकार आहे. जाळे क्षणभर मंदावले तरी हौदात पाणी असेपर्यंत आवाज तुटत नाही.

३. *विसंकेतन* : एमपी३ किंवा एएसी स्वरूपात संकुचित केलेली माहिती उलगडली जाते. सीडीच्या दर्जाच्या असंकुचित ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १२८ किलोबिटांचा एमपी३ प्रवाह त्याच्या अकराव्या हिश्शाएवढा असतो.

४. *ध्वनिनिर्मिती* : उलगडलेले अंक आयटूएस या तीन तारांच्या मार्गाने वर्धकाकडे जातात. तेथे त्यांचे विद्युत्संदेशात रूपांतर होऊन स्पीकर वाजतो.

१२८ किलोबिटांच्या प्रवाहात सेकंदाला १६,००० बाइट येतात. ईएसपी३२ मध्ये एकूण ५२० किलोबाइट अंतर्गत स्मृती असते. तीतील बराच भाग वायफाय व प्रणाली वापरतात. म्हणून बफर काही सेकंदांचाच ठेवता येतो. पीएसरॅम ही ४ मेगाबाइटांची जादा स्मृती असलेला फलक घेतल्यास सुमारे चार मिनिटांची साठवण शक्य होते. जेथे मोबाइलचे जाळे वरचेवर मंदावते, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

आवश्यक भाग

* ईएसपी३२ विकास फलक, शक्यतो पीएसरॅमसह
* मॅक्स९८३५७ए हा आयटूएस वर्धक
* ४ किंवा ८ ओहमचा, ३ वॅट क्षमतेचा स्पीकर
* ५ व्होल्ट, २ अँपिअरचा मोबाइल चार्जर किंवा पॉवर बँक
* वाहिनी बदलण्यासाठी बटणे, जोडतारा, ब्रेडबोर्ड आणि एखादी पेटी

हे भाग पुण्यातील तपकीर गल्ली, मुंबईतील लॅमिंग्टन रोड यांसारख्या इलेक्ट्रॉनिक बाजारपेठांत तसेच टपालाने मागवून मिळतात. बंद पडलेल्या जुन्या रेडिओची लाकडी पेटी व सुस्थितीतील स्पीकरही वापरता येतो. स्पीकरचा रोध मात्र मल्टिमीटरने तपासून घेणे इष्ट असते.

जुळणी

वर्धकाच्या विद्युतपुरवठ्याचे टोक ५ व्होल्टला आणि भूतार दोन्ही फलकांना समाईक जोडतात. प्रचलित मांडणीत वर्धकाचे बीसीएलके हे टोक ईएसपी३२ च्या २७ क्रमांकाच्या, एलआरसी २६ क्रमांकाच्या आणि डीआयएन २५ क्रमांकाच्या टोकाला जोडले जाते. आज्ञावलीत क्रमांक बदलल्यास ही टोके बदलता येतात. मात्र काही फलकांवर विशिष्ट टोके पीएसरॅमसाठी राखून ठेवलेली असतात, ती वगळावी लागतात. स्पीकरच्या दोन्ही तारा केवळ वर्धकालाच जोडतात. त्यांपैकी एकही भूतारेला जोडल्यास वर्धक निकामी होण्याची शक्यता असते.

आज्ञावली सामान्यतः आर्डुइनो या मुक्त साधनात लिहून यूएसबी तारेने फलकावर चढवली जाते. प्रवाह आणणे व उलगडणे यांसाठी तयार लायब्ररी उपलब्ध असल्याने विद्यार्थ्याला वायफायचे नाव, संकेतशब्द, टोकांचे क्रमांक आणि वाहिन्यांचे पत्ते एवढाच भाग प्रामुख्याने भरावा लागतो.

प्रवाहांचे प्रकार

नवशिक्याला सर्वाधिक गोंधळात टाकणारी बाब अशी, की परदेशी संगीतवाहिनी लगेच वाजते आणि आकाशवाणी मात्र वाजत नाही. याचे कारण प्रवाहाच्या प्रकारात आहे. शाउटकास्ट व आइसकास्ट सर्व्हर एकाच जोडणीवरून सलग एमपी३ माहिती पाठवतात. आकाशवाणीचे प्रवाह एचएलएस पद्धतीने येतात. त्यात पत्त्यावर ध्वनी नसून एम३यू८ नावाची यादी असते. ध्वनीचे काही सेकंदांचे तुकडे त्या यादीनुसार एकामागून एक आणावे लागतात आणि यादीही पुन्हा पुन्हा तपासावी लागते. त्यासाठी एचएलएस हाताळणारी लायब्ररी, पीएसरॅम आणि सुरक्षित जोडणीसाठी पुरेशी स्मृती लागते. रास्पबेरी पायवर हे काम सहज होते.

तुकडे जमवून वाजवण्याच्या या पद्धतीमुळे प्रक्षेपण काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे राहते. त्यामुळे इंटरनेट रेडिओवरील वेळेच्या ठोक्यावर घड्याळ लावणे योग्य नसते.

डेटा व वीज

१२८ किलोबिटांचा प्रवाह तासाला ५७.६ मेगाबाइट, तर ४८ किलोबिटांचा एएसी प्रवाह २१.६ मेगाबाइट डेटा वापरतो. बोलण्याच्या कार्यक्रमांसाठी कमी बिटदर पुरेसा असतो.

मध्यम आवाजात संच साधारण दीड वॅट वीज घेतो. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या चांगल्या पॉवर बँकेवर तो अंदाजे १५ ते २० तास चालू शकतो. भारनियमनाच्या वेळी घरातील राउटर बंद पडल्यास मोबाइलचा हॉटस्पॉट वापरता येतो. ईएसपी३२ केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतो. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवल्यास तो संचाला दिसत नाही.

नेहमीचे दोष

* संच वारंवार आपोआप सुरू होतो : पुरवठ्याचा दाब क्षणिक उतरतो, चार्जर व तार बदलून पाहावी.
* आवाज ठरावीक अंतराने तुटतो : जाळे मंद किंवा बफर अपुरा.
* वायफाय जोडले जाते, पण आवाज नाही : पत्ता बदललेला, प्रवाहाचा प्रकार न जुळणारा किंवा आयटूएसच्या तारा उलटसुलट.
* सतत गुणगुण : भूतार सैल.

कायदेशीर बाजू

भारतात एकेकाळी रेडिओ ऐकण्यासाठी टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना घ्यावा लागे. १९८० च्या दशकात ती पद्धत संपुष्टात आली. २४००–२४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. या पट्ट्यातील वायफायवर चालणारा संच केवळ ऐकण्यासाठी वापरण्यास स्वतंत्र परवाना लागत नाही. याउलट, एफएम प्रक्षेपक जुळवून परवान्याविना प्रसारण करणे हा गुन्हा आहे. हौशी प्रकल्पांत या दोहोंची गल्लत होऊ नये.

मर्यादा

साधा ट्रान्झिस्टर दोन सेलवर चालतो आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी केंद्राचा आवाज पकडतो. अतिवृष्टी, पूर किंवा भूकंपाच्या प्रसंगी हा गुण मोलाचा असतो; इंटरनेट रेडिओ नेमका अशाच वेळी मूक होण्याचा संभव असतो. शिवाय प्रसारकाने प्रवाहाचा पत्ता बदलला की सुस्थितीतील संचही गप्प होतो. बाजारातील तयार संचात पत्ते कंपनीच्या सर्व्हरवरून येत असतील, तर ती सेवा बंद झाल्यावर ग्राहकाला काही करता येत नाही. स्वतः जुळवलेल्या संचात नवा पत्ता लिहून आज्ञावली पुन्हा चढवणे पुरेसे असते.

हेही पहा

* आकाशवाणी
* एफएम प्रसारण
* बालाघाट डोंगररांग
* सूक्ष्मनियंत्रक