ओट्याखालची कपाटे आणि आपला हक्क

आता घरोघरी उभ्याचा स्वयंपाक आला. ओटा आला, ओट्याखाली कपाटे आली, भांड्यांना सरकते खण आले. या खणांना सगळे ट्रॉली म्हणतात. काम दिसायला झकास. पण त्यात कित्येक वर्षांची शिल्लक जाते. आणि चार महिन्यांत फळी फुगली, दार लोंबू लागले, तर काय करायचे? पुष्कळ माणसे म्हणतात, "आपलंच नशीब फुटकं!" आणि गप्प बसतात. मंडळी, यात नशिबाचा काय संबंध? हा व्यवहार आहे आणि व्यवहाराला कायदा आहे.

आधी फळी का फुगते ते पाहू. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली फळी. चिकटवण पाण्याला टिकणारे असले, तर फळी टिकते. साधे असले, तर ओल लागून पापुद्रे सुटतात. काही फळ्या लाकडाचा चुरा दाबून केलेल्या असतात. त्या स्वस्त पडतात, पण पाणी शोषून फुगतात. भांडी घासायच्या जागेखाली अशी फळी बसवली की काम बिघडलेच समजा.

पाण्याला चांगल्या टिकणाऱ्या प्लायवूडवर आय. एस. ७१० हा आकडा आणि आय. एस. आय.ची खूण असते. वरून रंगीत तक्ता चिकटवला की आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून फळी कापण्याआधीच तो शिक्का वाचा. तुम्हाला आता वाचता येते ना? मग वाचाच.

काम देताना कागद करा. कोणती फळी, किती जाडीची, बिजागऱ्या कुठल्या, काम केव्हा पुरे होणार, हमी किती दिवसांची, हे सारे त्यात लिहून घ्या. पैसे द्याल तशी पावती घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. काम झाले की प्रत्येक दार उघडून पाहा, प्रत्येक खण ओढून पाहा. मगच "काम पसंत आहे" यावर सही करा.

तरी दोष निघाला तर? फोटो काढा. दुकानदाराला लेखी कळवा. दुरुस्तीला मुदत द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची पावती जपून ठेवा. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असते. त्याला भिऊ नका. तसे छापल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. मात्र आपलाच नळ महिनाभर गळत होता आणि फळी भिजली, तर दोष सुताराला देता येणार नाही. न्याय दोन्हीकडून हवा.

दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. १९८६ सालचा कायदा जाऊन २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या गावी असले तरी हरकत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असली, तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो. "आज जाऊ, उद्या जाऊ" म्हणत बसलात तर हक्क हातचा जाईल.

दोष शाबीत झाला की आयोग दुरुस्ती करून द्यायला, माल बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. निकालाला वेळ लागतो, धीर धरावा लागतो. पण तेथे कागद बोलतो. ज्याच्याकडे पावती नाही, त्याला आपली बाजू पटवणे जड जाते.

तेव्हा घरात एक पिशवी ठेवा. बिले, पावत्या, हमीपत्रे तीत घाला. शब्द हवेत जातो, कागद घरात राहतो. आणि तो कागद आता आपला आपल्याला वाचता येतो, हे काय थोडे आहे?