टोंगा बेटांतील आजी-आजोबा

मुलें मार्गाला लागलीं, सुना घरांत आल्या, नातवंडें अंगणांत खेळूं लागलीं, म्हणजे गृहस्थानें पुढें काय करावें याचें उत्तर मनूनें सहाव्या अध्यायांत देऊन ठेविलें आहे. केस पिकले, अंगाला सुरकुत्या पडल्या व नातवाचें तोंड पाहिलें कीं वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें, नाहीं तर बरोबर न्यावें. हें उत्तर पाठ केलेले पुष्कळ आहेत, पण त्याप्रमाणें वनांत गेलेला एकही गृहस्थ माझ्या पाहण्यांत नाहीं. आम्हां पेन्शनरांचें वन म्हणजे ओटीवरचा झोपाळा, हातांत वर्तमानपत्र आणि 'चहा झाला का' ही दर दोन तासांची पृच्छा! नातवंडांना मागें ठेवून, पत्नीसह, पदरच्या पैशानें साता समुद्रांपलीकडे दीड-दोन वर्षें राबावयास जाणाऱ्या वृद्ध जोडप्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें, तें याचमुळें.

हीं जोडपीं अमेरिकेंतील ज्या ख्रिस्ती पंथाला लोक 'मॉर्मन' म्हणतात त्या पंथाचीं. जोसेफ स्मिथ यानें इ. स. १८३० मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत हा पंथ स्थापिला. पुढें छळाला कंटाळून अनुयायी ब्रिगहॅम यंगच्या मागून पश्चिमेकडे निघाले, आणि २४ जुलै १८४७ रोजीं यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचला. तेथील सॉल्ट लेक सिटी हें त्यांचें मुख्य ठाणें. या पंथांतील तरुण अठराव्या वर्षानंतर दोन वर्षें धर्मप्रचारासाठीं घर सोडतात, हें कित्येकांना ठाऊक असेल. परंतु मुलाबाळांच्या पाशांतून मोकळीं झालेलीं दांपत्येंही तशींच निघतात. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. पगार नाहीं, भाडें आणि जेवणखाण स्वतःचें. परक्या मुलखांतील भाडीं अनेकांना डोईजड होतात असें पाहून २०११ सालीं मंडळानें या जोडप्यांच्या भाड्याला दरमहा १४०० डॉलरची मर्यादा घातली व वरचा भार आपल्याकडे घेतला.

अशीं जोडपीं अनेक देशांत आहेत. आपण दक्षिण पॅसिफिकांतील टोंगा हें राज्य घेऊं. सुमारें पावणेदोनशें बेटें, त्यांतील बहुतेक निर्मनुष्य, आणि सारी लोकसंख्या लाखाच्या आसपास. येथें हे मिशनरी प्रथम १८९१ मध्यें आले. आज पांचांतील एक टोंगावासी जनगणनेंत स्वतःला मॉर्मन म्हणवितो.

टोंगाटापू या मुख्य बेटावर नदी नाहीं, तेव्हां पिण्यासाठीं छपरावरचें पावसाचें पाणी टाक्यांत साठवावयाचें. कोंबड्यांना उजाडण्याची वाट पाहण्याची संवय नाहीं. डुकरें रस्त्यावर मोकाट. गाडी डाव्या बाजूनें हांकावयाची, आणि आयुष्यभर उजव्या बाजूनें हांकलेल्या अमेरिकन म्हाताऱ्याला पहिल्या आठवड्यांत प्रत्येक वळणावर देव आठवतो. दारोदार हिंडून प्रचार करण्याची सक्ती या दांपत्यांवर नाहीं. तें काम तरुणांचें. यांच्याकडे येतात तीं घरांतल्या वडीलधाऱ्यांचीं कामें. कचेरींतील हिशेब, गाड्यांची देखभाल, परवान्यांचे कागद, तरुणांसाठीं खोल्या भाड्यानें घेणें. शिवाय अधूनमधून त्या खोल्यांवर अवचित जाऊन मोरी घासली आहे कीं नाहीं, खरकटीं भांडीं किती दिवसांचीं आहेत, हें पाहणें. कोणाला ताप आला तर औषधपाण्याची चौकशी. लियाहोना येथें पंथाची मोठी शाळा आहे; अध्यापनाचा अनुभव असलेलीं कित्येक जोडपीं तेथें साहाय्य करितात. निवृत्त मास्तराला पुन्हां खडू हातीं धरावयास मिळणें हें सुख काय असतें, तें मीं काय सांगावें!

या पंथांत पुरुष मिशनऱ्याला 'एल्डर', म्हणजे 'वडील', म्हणतात. अठरा वर्षांचा पोरही एल्डर आणि सत्तरीचा वृद्धही एल्डर. ज्ञानवृद्ध व वयोवृद्ध हा भेद आपल्याकडे आहेच. पण मिसरूड न फुटलेल्या वडिलांची मोरी खऱ्या वडिलांनीं तपासावी, हें दृश्य मौजेचें खरें.

चहा, कॉफी, मद्य व तंबाखू हीं या पंथाला वर्ज्य. १८३३ पासूनचा हा नियम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दोन वेळचें जेवण सोडतात आणि त्याचा वांचलेला पैसा गरिबांकडे देतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या आमच्या व्रताहून हें बरें, असें मला वाटतें. टोंगांत तर रविवार राज्यघटनेनेंच पवित्र ठरविला आहे. १८७५ च्या त्या घटनेप्रमाणें त्या दिवशीं व्यापारउदीम बंद. लोक कमरेला 'ताओवाला' नांवाची विणलेली चटई गुंडाळून प्रार्थनेला जातात. ती आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची असते. मिशनरी तरुणही ती नेसतात. घरोघर अळूच्या पानांत नारळाचें दूध घालून 'लू' बांधतात आणि तापलेल्या दगडांच्या खड्ड्यांत शिजवितात. आंत मांस असतें, तो भाग आपण सोडून देऊं; पण अळू आणि नारळ यांचें सख्य इतक्या दूरवर पाहून कोंकणांतल्या माणसाला माहेर भेटल्यासारखें वाटेल.

सोमवार तरुण मिशनऱ्यांच्या सुटीचा. त्यांच्या भाषेंत 'तयारीचा दिवस'. धुणें, बाजारहाट, पत्रें. आजी-आजोबांनाही थोडी उसंत मिळते. मग बेटाच्या पूर्व टोंकाकडील 'हाआमोंगा' पाहावयास जातां येतें. दोन उभ्या अजस्र शिळांवर तिसरी आडवी, असें हें सातआठशें वर्षांपूर्वींचें प्रवेशद्वार आहे. हौमा गांवाजवळ खडकांच्या भोंकांतून समुद्राचें पाणी कारंज्यासारखें उसळतें, तेंही पाहण्याजोगें. पण सोमवारचें खरें आकर्षण निराळेंच असतें. हिंवाळ्यांत युटाचें घड्याळ टोंगाच्या मागें वीस तास असतें. टोंगांत सोमवारचे दुपारचे दोन वाजले म्हणजे तेथें रविवारची संध्याकाळ, सहाचा सुमार. मुलें, सुना, नातवंडें घरीं. ही भेटीची वेळ. तरुण मिशनऱ्यांना फेब्रुवारी १९१९ पासून नव्हे, अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०१९ पासून, दर आठवड्याला घरीं बोलण्याची मोकळीक मिळाली. तत्पूर्वीं नाताळ व मातृदिन एवढेच दोन दिवस. वृद्धांवर बंधन इतकें कडक नव्हतें. तरी यंत्राच्या कांचेंतून दिसणाऱ्या नातवाच्या गालाला हात लावतां येत नाहीं, तें नाहींच.

सणाच्या दिवशीं हें अधिक जाणवतें. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं अमेरिकेंत कृतज्ञतेचा सण असतो. आमच्या दिवाळीसारखीं सगळीं भावंडें एका घरीं जमतात. टोंगांत त्या दिवशीं शाळा-कचेऱ्या नेहमींप्रमाणें चालू. मग आजीबाई भोपळ्याचें गोड पक्वान्न करावयास घेतात. भोपळा तेथें इतका पिकतो कीं जपानला पाठविला जातो. संध्याकाळीं ताटाभोंवतीं बसतात तीं घर सोडून आलेलीं परक्यांचीं पोरें. नाताळ ऐन उन्हाळ्यांत येतो. बर्फाचें नांव नाहीं, उलट वादळांचा मोसम. युटांतील नातू २५ तारखेला सकाळीं सातला उठून भेटी उघडूं लागतो, तेव्हां टोंगांत २६ तारखेचे पहांटेचे तीन वाजलेले असतात. तो आनंद पाहावयाचा तर आजोबांनीं गजर लावूनच निजावें.

आणि जन्म-मृत्यु कांहीं मुदत पाहून येत नाहींत. सुनेचें बाळंतपण, भावाचें आजारपण, सगळें मागें चालूच राहतें. २०११ पासून निकडीच्या प्रसंगीं थोड्या दिवसांसाठीं स्वखर्चानें घरीं जाण्याची परवानगी आहे, पण पॅसिफिक ओलांडून कितीदां जाणार? १५ जानेवारी २०२२ रोजीं हुंगा-टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आल्या, तळांतील तार तुटली व टोंगाचा जगाशीं नित्याचा संबंधच खुंटला. सर्व मिशनरी सुखरूप असल्याचें मंडळानें कळविलें. परंतु मुख्य बेटाची तार पूर्ववत् होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. त्या अवधींत 'सुखरूप' एवढ्या शब्दावर घरच्यांनीं दिवस कसे काढले असतील!

आतां माझें मत. धर्मांतराच्या खटपटीला मी अनुकूल नाहीं, आणि टोंगा तर आधींच ख्रिस्ती. म्हणजे हें बरेंचसें एका घरांतलीं माणसें दुसऱ्या घरांत नेणें झालें. शिवाय अमेरिकेंत वृद्ध बहुधा मुलांपासून वेगळेच राहतात, त्यांच्या जाण्यानें चूल थंड पडत नाहीं. आमच्या घरची आजी दीड वर्ष निघून गेली तर तान्ह्या मुलाला न्हाऊ कोण घालणार, हा सुनेचा प्रश्न खोटा नव्हे. पण आजीलाही विचारा. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकानें चाललेल्या त्या बाईला साठीनंतर पतीच्या बरोबरीनें, स्वतःच्या नांवानें नेमलेलें काम मिळतें. कचेरींत तिचें वेगळें मेज असतें. मनूनें पत्नीला बरोबर नेण्याची मुभा दिली खरी, पण तिला काय वाटतें हें विचारण्याचें कलम मला त्या अध्यायांत आढळलें नाहीं.

मुदत संपली कीं घराच्या किल्ल्या पुढच्या जोडप्याच्या हातीं जातात; बरोबर टांकीची तोटी कोणती गळते आणि कोणत्या आळींतला कुत्रा चावरा आहे, याची माहितीही. सामानांत टोंगाच्या लोकांनीं दिलेल्या चटया असतात, त्या कांहीं केल्या पेटींत मावत नाहींत. विमानतळावर सून उभी असते, आणि तिच्या पदराआड, आजीनें अद्याप एकदांही न उचललेलें, चालूं लागलेलें मूल.