चालू होते आणि बंद पडते : एका लक्षणाचा विचार

मागच्या वेळी आपण व्याप्ती म्हणजे काय ते पाहिलं. धूर आणि अग्नी, स्वयंपाकघर आणि तळं, ही सगळी परिचित उदाहरणं झाली. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की आता घरात ना चूल आहे ना धूर, मग हे अनुमान आम्ही वापरायचं कुठे? प्रश्न रास्त होता. म्हणून आज उदाहरण घेतलंय मोटारगाडीचं. सकाळी चावी फिरवली, इंजिन चालू झालं आणि काही क्षणांत बंद पडलं. का बंद पडलं, हे कसं शोधायचं? आम्ही मेकॅनिक नव्हे, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. पण ज्या एका प्रसंगात आमचं तर्कशास्त्र सपशेल उघडं पडलं, तो नेमका हाच होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. सकाळी सहाची पाळी. उशीर झाला तर पुढचा रुग्ण खोळंबतो, म्हणून आपल्याच तासांत कपात होते, आणि ती कपात शरीराला सोसावी लागते. पुण्यातला डिसेंबर. पहाटे साडेपाचला सेल्फ मारला की आमची जुनी पेट्रोल गाडी चालू व्हायची, पाच-सहा सेकंद थरथरायची आणि गप्प. पुन्हा सेल्फ, पुन्हा गप्प. दादा मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेले, एक शब्द बोलायचे नाहीत. त्याचंच आम्हाला जास्त ओझं व्हायचं.

आम्ही गाडी गॅरेजला नेली आणि सांगितलं, "गाडी बंद पडते." त्यांनी प्लग बदलले. चार दिवसांनी इंधनाचा फिल्टर बदलला. मग इंधनाचा पंप बदलला, तो चांगलाच महाग पडला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधून उत्तम चालत घरी यायची आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आमचा तोल गेला. आम्ही त्या मेकॅनिकला चारचौघांत लुबाडणारा म्हणालो. पुढं काय झालं ते शेवटाकडे सांगू. आधी इंजिन समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनाला जगायला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि मिश्रणावर पुरेसा दाब. शिवाय ठिणगी योग्य क्षणी पडायला हवी. गाडी अजिबातच चालू होत नसेल, तर यातलं काहीही गैरहजर असू शकतं. पण आपली गाडी चालू होते! म्हणजे निदान काही क्षण तरी चारही गोष्टी हजर होत्या. तेव्हा "काय नाही?" हा प्रश्नच चुकीचा. खरा प्रश्न असा : चालू होताना जे होतं आणि चालू राहताना जे नाही, असं काय आहे?

चालू होणं आणि चालू राहणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, बरं का. सेल्फ फिरतो तेव्हा बॅटरी इंजिनाला बाहेरून फिरवत असते. त्या वेळी इंजिनाचा कंप्युटर, ज्याला ईसीयू म्हणतात, मुद्दाम जास्त इंधन देतो, कारण थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच काम चोक करायचा. आपण चावी सोडली, की बाहेरचा आधार संपतो. आता ईसीयूला सेन्सर सांगतील त्यावरून हवा-इंधनाचं प्रमाण ठरवायचं आहे आणि इंजिनानं स्वतःच्या बळावर फिरायचं आहे. बाळाचा हात सोडल्यावर ते पडतं, तेव्हा ते पाय उचलू शकतं हे सिद्धच झालेलं असतं. बिघाड शोधायचा तो हात सोडण्याच्या त्या जागेपाशी.

इथे न्यायसूत्रांतला एक जुना वाद आपल्या कामी येतो. नदी दुथडी भरली आहे, यावरून वर कुठेतरी पाऊस पडला, हे अनुमान आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी आक्षेप घेतो, की नदी खाली बांध घातल्यानंही भरते, मग तुमच्या अनुमानाला प्रमाण कसं म्हणायचं? उत्तर फार सुंदर आहे. नुसतं पाणी वाढणं हा हेतूच नव्हे. वात्स्यायन सांगतात, प्रवाहाचा वेग वाढलाय, फेस आहे, फळं, पानं, लाकडं वाहत येताहेत, असं भरणं हा हेतू. बांधानं तुंबलेलं पाणी असं दिसत नाही. दोष अनुमानाचा नव्हता. ज्यानं हेतू अर्धवट पाहिला, त्याचा होता.

"गाडी बंद पडते" हे नुसतं पाणी वाढणं झालं. त्यातला फेस आणि पानं बघायची, तर तीन प्रश्न विचारावे लागतात. किती वेळानं? कोणत्या अवस्थेत? आणि पाय दिला तर काय होतं?

पहिला प्रश्न, वेळ. चावी सोडताक्षणी इंजिन बंद पडत असेल, तर संशय चावीच्या स्विचवर. चावीच्या 'स्टार्ट' आणि 'ऑन' या दोन जागांचे विजेचे जोड वेगळे असतात, त्यातला दुसरा झिजलेला असू शकतो. काही जुन्या गाड्यांत सेल्फच्या वेळी ठिणगीच्या कॉइलला वीज थेट मिळते आणि नंतर एका रोधामार्फत. तो रोध तुटला, तरी हेच लक्षण दिसतं. एक-दोन सेकंद चालून बंद, आणि डॅशबोर्डवर चावीची खूण लुकलुकते? मग बऱ्याच गाड्यांत तो बिघाड नसून पहारेकरी असतो. चोरीविरोधी इमोबिलायझरनं चावी ओळखली नाही, म्हणून त्यानं इंजिन थांबवलं. घरातली दुसरी चावी लावून बघा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

काही सेकंद चालून मग धाप लागल्यासारखं बंद पडत असेल, तर इंधनाकडे बघावं. नळीत आधीचा थोडा दाब शिल्लक असतो, त्यावर इंजिन चालू होतं. पंप नवं इंधन देत नसेल, तर ती शिल्लक संपते आणि खेळ खलास. चावी 'ऑन' केल्यावर बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पंप. शांत गल्लीत कान द्यावा. गुणगुण नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप, या क्रमानं जावं. स्वस्त आणि सोपं आधी.

दुसरा प्रश्न, अवस्था. थंड इंजिनातच होतं, की गरम झाल्यावर? पावसाळ्यातच? पेट्रोल भरल्यानंतर लगेच? गाडी महिनाभर उभी होती का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर बॉनेट उघडून आधी उंदरानं वायर कुरतडली आहे का ते बघावं. हसू नका, पार्किंगमधल्या गाड्यांचा हा नेहमीचा शत्रू आहे. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन कमी नसून जास्त होतंय, म्हणजे तपास उलट्या दिशेनं न्यायला हवा.

तिसरा प्रश्न, पाय. ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवला तर इंजिन जगतं का? जगत असेल, तर बिघाड बहुधा आयडलिंगच्या व्यवस्थेत. पाय उचलल्यावर हवेची मुख्य झडप जवळजवळ मिटते आणि इंजिन एका बारीक वाटेनं श्वास घेतं. थ्रॉटलपाशी काजळी साचली किंवा आयडलचा व्हॉल्व्ह अडकला, की ती वाट बुजते. उलट, पाय दिल्यावर इंजिन आणखी लवकर मरत असेल, तर ते इंधनाला भुकेलं असण्याची शक्यता वाढते, कारण मागणी वाढवली आणि पुरवठा नाही. एकच कृती, दोन विरुद्ध परिणाम, आणि शक्यतांचं अर्धं रान साफ. चांगली परीक्षा अशी असावी.

आता यंत्राबद्दल एक इशारा. हल्ली गाडीला स्कॅनर जोडतात आणि त्यावर कोड येतो. समजा पी ०१७१ आला. त्याचा अर्थ, मिश्रणात इंधनाच्या मानानं हवा जास्त आहे. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरकडून येते, म्हणून पुष्कळदा तो सेन्सरच बदलला जातो. पण हवेची नळी तडकून चोरवाटेनं हवा आत येत असेल, तर बिचारा सेन्सर खरंच बोलत होता! घरात चोर शिरला हे सांगणाऱ्या गुरख्यालाच आपण कामावरून काढलं. कोड म्हणजे निदान नव्हे. तोही आणखी एक हेतू आहे, आणि त्यालाही तीन प्रश्न विचारायचे असतात.

आणि भाग बदलल्यावर गाडी चालली, तर बिघाड त्या भागातच होता का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. यावर उपाय अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य दिसावं, कारण काढलं की कार्य जावं, बाकी सगळं तसंच ठेवून. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची रीत म्हणून हेच मांडलं. गॅरेजच्या भाषेत सांगायचं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मूळ परिस्थितीतच तपासा.

'मूळ परिस्थितीतच', इथे आम्ही आमच्या गोष्टीकडे परत येतो.

आम्ही रागावून बोललो, त्यावर तो मेकॅनिक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, इथं आल्यावर एकदाही बंद पडली नाही हो. घरी कधी पडते?" आम्ही सांगितलं, पहाटे. "फक्त पहाटे? रेस दिली तर?" चालते, म्हटलं, पाय काढला की बंद. "दिवसा?" दिवसा कधीच नाही. तो आमच्याकडे बघत राहिला. "अहो सर, हे आधी का नाही सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? आम्ही दवाखान्यातून परस्पर गाडी त्याच्याकडे न्यायचो, तेव्हा इंजिन तापलेलं असायचं. बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही. त्याला प्रत्यक्ष उपलब्ध नव्हतं, फक्त आमचा शब्द होता. आणि तीस वर्षं शब्दप्रमाण शिकवलेल्या माणसानं त्याला अर्धा शब्द दिला. त्यानंही विचारायला हवं होतं, हे खरं. पण लुबाडणारा म्हणण्याआधी आमची साक्ष आम्ही तपासायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दादांची पाळी नव्हती. पहाटे पाचला तो स्कॅनर घेऊन आमच्या दारात आला. इंजिन चालू न करता त्यानं फक्त दोन आकडे वाचले. आत येणाऱ्या हवेचं तापमान, १३ अंश. इंजिनातल्या पाण्याचं तापमान, ८२ अंश. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत! दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवे होते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं बोलत होता. इंजिन तापलंय असं समजून ईसीयू थंडीचं जादा इंधनही देत नव्हता आणि आयडलला जादा हवाही सोडत नव्हता. कोडही आला नव्हता, कारण ८२ हा आकडा चालत्या इंजिनात अगदी शोभणारा. दिवसा तर तो खरा ठरायचा, म्हणून दिवसा तक्रार नाही.

मग त्यानं सेन्सरचा जोड उपसून ठेवला आणि सेल्फ मारला. इशाऱ्याचा दिवा लागला, पण इंजिन टिकलं. साक्षीदारच नाही हे कळल्यावर बरेच ईसीयू स्वतःचं एक सुरक्षित अनुमान वापरतात. खोट्या साक्षीदारापेक्षा गप्प साक्षीदार बरा, हे त्या पहाटे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दुकानं उघडल्यावर नवा सेन्सर आणला. तो इंजिनात बसवण्याआधी त्यानं नुसता तारेला जोडून तळहातावर धरला. आकडा त्या वेळच्या हवेचा. जुना जोडला, पुन्हा ८२. नवा जोडला, पुन्हा हवेचा. अन्वय, व्यतिरेक, अन्वय. त्यानं न्यायसूत्रं वाचली नव्हती. भाग काहीशे रुपयांचा होता.

आम्ही त्याची माफी मागितली, आणि जिथं बोललो होतो तिथंच, गॅरेजमध्ये चारचौघांत मागितली. तो संकोचला. दादांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात बघ. कधीपासून, केव्हा, काय केलं की बरं वाटतं."

दोन व्यावहारिक सूचना देऊन थांबतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून तपासू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि इंजिन चालत्या रस्त्यावर बंद पडत असेल, तर प्रयोग करत बसू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, ते जड होतात, तेव्हा गाडी सरळ बाजूला घ्या. बाकीच्यांनी गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहून न्याव्यात : किती वेळानं, कोणत्या अवस्थेत, पाय दिल्यावर काय. शक्य असेल तर गाडी रात्रभर तिथंच ठेवावी, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकच्याच हातून होईल.

पुढच्या वेळी शब्दप्रमाण. आप्त कोणाला म्हणायचं, हा प्रश्न. सेन्सरलाही तो लागू होतो आणि आपल्यालाही.