हप्ता सरकारचा, संरक्षण कुटुंबाचे

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना (सुरुवात : 23 सप्टेंबर 2018, रांची)

▪ किती? कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार. ही रक्कम सर्व सदस्यांत मिळून. सदस्यसंख्येची मर्यादा नाही.

▪ पैसा कोणाचा? बहुतेक राज्यांत केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत हे प्रमाण 90:10. लाभार्थी हप्ता भरत नाही.

▪ कोणाला? मूळ निवड 2011च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय जनगणनेतील वंचित कुटुंबांची. ऑक्टोबर 2024पासून सत्तरी गाठलेले सर्व नागरिक, उत्पन्न कितीही असो.

▪ महाराष्ट्रात? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोड. 2012मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने सुरू झालेली ही योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली आहे.

▪ कसे? योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यावर आरोग्यमित्र कागदपत्रे पाहतो. मंजुरीनंतर ठरलेल्या दराने पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू.

▪ काय नाही? दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घेतलेली तपासणी व औषधे.