पातळ नळीचे बळ

हातांनी बांधलेली शर्यतीची सायकल करवून घेण्यासाठी जो कारागिराकडे जातो, तो बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो पोलादाच्या नावाचा: बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१ घ्यावी, की ८५३, की मिलानच्या कोलंबसची नळी बरी? प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि पोलाद साधे असो वा उंची मिश्रधातूचे, त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कलच असतो, आणि म्हणून एकाच व्यासाच्या व एकाच जाडीच्या दोन नळ्या, एक स्वस्त आणि एक महाग, स्वाराच्या भाराखाली सारख्याच लवतात. तफावत असते ती बळात, म्हणजे किती भारापर्यंत नळी लवून पुन्हा सरळ होते आणि कोठे कायमची वाकते, यात. उंची पोलादाचा खरा उपयोग हा, की त्याची नळी निर्धास्तपणे पातळ करता येते.

हे पातळ करणे सोपे नव्हते. नळ्या जेथे जोडावयाच्या, तेथे पितळी झाळीची धग आणि रस्त्याचे धक्के असे दोन्ही ताप एकाच जागी पडतात. तेथे भिंत जाड हवी, आणि सबंध नळीच तेवढी जाड ठेवली तर सायकल जड होते. खिळे बनविणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी हेविट नावाच्या सहकाऱ्यासमवेत १८९७ साली ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तिच्यात नळी बाहेरून एकसारखी दिसते, परंतु आतून तिची भिंत टोकांशी जाड व मध्ये पातळ असते. हीच ‘बटेड’ नळी. टोकांशी ०.८ मि.मी. आणि मध्ये ०.५ मि.मी. अशी तिची जाडी असू शकते. अशी नळी हाती आली तर नखाने टिचक्या मारीत टोकाकडून मध्याकडे सरकावे: आरंभीचा बद्द नाद एका जागी एकाएकी मोकळा होतो, आणि डोळ्यांना मुळीच न दिसणारी आतली उतरण कानाला सापडते. हा आनंद मला अजूनही नवा वाटतो.

जाडीहूनही अधिक अंमल व्यासाचा चालतो. जुन्या घडणीत, ज्यावर आपल्याकडे वडील मुलाला बसवून शाळेत नेत त्या वरच्या दांड्याचा व्यास २५.४ मि.मी. आणि खालच्या तिरप्या नळीचा २८.६ मि.मी. असे. तीच तिरपी नळी ३१.८ मि.मी. घेतली आणि भिंत तेवढीच राखली, तर तिचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी वाढते, परंतु लवण्यास होणारा विरोध सुमारे ३७ टक्क्यांनी; कारण वजन व्यासाच्या प्रमाणात वाढते, आणि हा विरोध व्यासाच्या घनाच्या. पायडलावर उभे राहून चढ चढताना सायकल तत्काळ पुढे झेपावते की अंमळ रेंगाळते, हे पुष्कळसे येथे ठरते.

म्हणूनच स्वाराचे वजन जमेस धरल्यावाचून केलेली कोणतीही शिफारस मला अपुरी वाटते. १९१९ साली आंजेलो लुईजी कोलंबो यांनी स्थापिलेल्या कोलंबसने पुढे एसएल व एसपी असे दोन संच काढले. पोलाद एकच, व्यास तेच. मात्र एसएलच्या मुख्य नळ्या ०.९ आणि ०.६ मि.मी. जाडीच्या, तर एसपीच्या १.० आणि ०.७ मि.मी. जाडीच्या, भारी स्वारांसाठी व मोठ्या मापाच्या सायकलींसाठी. केवळ दहाव्या हिश्श्याचा मिलिमीटर! साठ किलोच्या माणसाने बळकटीच्या लोभाने जाड व रुंद नळी घेतली, तर ती सायकल त्याच्या पायांना दादच देणार नाही. नव्वद किलोच्या माणसाने हलकेपणाच्या मोहाने अतिपातळ नळी घेतली, तर उतारावर हँडल थरथरण्याची धास्ती.

आरामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मागचा नळ्यांचा त्रिकोण उभ्या दिशेने जवळजवळ लवतच नाही. रस्त्याचा दणका गिळतो तो मुख्यतः टायर, आणि थोडाबहुत पुढचा चिमटा, त्याचे पाय खाली निमुळते व पुढे वळलेले असतील तर. यास्तव २८ वा ३२ मि.मी. रुंदीचा टायर मावेल इतकी जागा चिमट्यात आणि मागच्या नळ्यांत ठेवण्याची तजवीज आराखड्यातच करून घ्यावी. नळ्या झाळून झाल्यावर ती करता येत नाही.

मग कारागीर नळ्या निवडतो, सपाट फरशीवर लोळवून त्या सरळ आहेत की नाहीत हे पाहतो, जाड भाग कोठे संपतो याची खूण करतो, आणि ज्या टोकाचा जाड भाग लांब आहे तेथूनच कापतो, जेणेकरून पातळ भिंत जोडाच्या धगीत सापडू नये.