बेलेमचा दगड आणि पणजीचे कागद

लिस्बनमध्ये विमान बदलणाऱ्या प्रवाशाच्या हाती अनेकदा अर्धाच दिवस असतो. तेवढ्यात सगळे शहर पालथे घालू नये. नदीकाठाने पश्चिमेला जाणारी १५ क्रमांकाची ट्राम धरावी आणि बेलेमला उतरावे. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे येथूनच निघाली आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचली.

समोर दिसतो तो जेरोनिमोस मठ. राजा पहिला मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी तो बांधायला घेतला. खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापाराच्या उत्पन्नातला सुमारे पाच टक्के हिस्सा लावून दिला होता. मलबारची मिरी अशी दगडात उतरली. आतल्या अंगणाभोवतीच्या कमानी जवळून पाहाव्यात. जहाजाचे दोरखंड, गाठी, वेली असे कोरीवकाम खांबाखांबावर आहे. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची आणि उजवीकडे कवी कामोइंशची समाधी लागते. गामाचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीनला झाला. कामोइंशने आयुष्याची कित्येक वर्षे गोव्यात आणि पूर्वेकडे काढली.

तेथून चालत गेले की बेलेमचा बुरूज येतो. त्याच्या एका टेहळणी-घुमटीच्या तळाशी गेंड्याचे डोके कोरले आहे. वाऱ्यापावसाने ते इतके झिजले आहे की सांगितल्याशिवाय नजरेत भरत नाही. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये जहाजात चढवला गेला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. त्याच्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून, प्राणी डोळ्यांनी न पाहताच, जर्मन चित्रकार ड्युररने न्यूरेंबर्गमध्ये आपले प्रसिद्ध काष्ठचित्र कोरले. गेंड्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. पोपकडे पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडांनी बांधलेला तो जीव बुडाला.

पूर्वेकडच्या या व्यापाराचे हिशेब लिस्बन शहरातल्या राजवाड्यालगतच्या ‘कासा द इंदिया’ या सरकारी कचेरीत ठेवले जात. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ नदीतून समुद्राच्या लाटा चढल्या आणि मग अनेक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा गेला, कासा द इंदियाचे बहुतेक दप्तरही गेले. बेलेमला तुलनेने कमी झळ लागली. म्हणून लिस्बनमध्ये त्या व्यापाराची खूण कागदापेक्षा दगडात ठळक उरली आहे.

नदीकाठी दर्यावर्दींचे उंच स्मारक आहे. सध्याचे दगडी स्मारक १९६० चे. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. स्मारकावर राजपुत्र, खलाशी, नकाशाकार, धर्मप्रसारक आहेत. मिरी पिकवणारा किंवा गोव्यात राज्य गमावलेला माणूस नाही.

त्या माणसाचा माग पणजीच्या पुराभिलेखागारात लागतो. लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे ‘मान्सून’ ग्रंथ तेथे आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी अशाच कागदांतून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. बेलेमला जाणाऱ्या मराठी माणसाने पिसुर्लेकर आधी वाचून जावेत. मग मठाच्या कमानींचे सौंदर्य कमी होत नाही; ते कोणाच्या जिवावर उभे राहिले, तेही कळते.